नजर गाडीवर असू द्या, बाईवर नको

आम्ही वडगाव निंबाळकरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय यंत्राचा आहे. पण 'हे पुरुषमाणसांचं काम' असं म्हणून रेडिओचा आवाज बारीक करू नका. कारण गाडी आता आपलीही आहे.

आठवून बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या भागात बाई गाडी चालवताना दिसली की लोक वळून बघायचे. आज सकाळी डेअरीला दूध घालायला स्कूटी, पोरांना शाळेत सोडायला स्कूटी, आशाताई वाड्यावस्त्यांवर जातात त्या स्कूटीवर, शिवणाचे कपडे पोचवायला स्कूटी. कुणी गटाचं कर्ज काढून गाडी घेतली, कुणी भिशी लावून, कुणी फायनान्सवर. ती गाडी एका रात्रीत गेली तर नुसतं लोखंड जात नाही. रोजचा धंदा बसतो, मुलीचं कॉलेज अडतं. आणि मैत्रिणींनो, गाडी जाते पण हप्ता राहतो. म्हणून आज आम्ही गाडीच्या राखणीबद्दल आणि हल्ली सगळीकडे बोलबाला झालेल्या जीपीएस ट्रॅकरबद्दल बोलणार आहोत.

आधी आपला भाग समजून घेऊ. नीरा-बारामती रस्ता आपल्या गावातून जातो. दिवस-रात्र वर्दळ असते. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक यांची रांग लागते. अशा गर्दीत एखादी मोटारसायकल कोण घेऊन चाललं, कुणाच्या लक्षात येणार? दुसरं म्हणजे नीरा नदी. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा, आणि खाली इंदापूरकडे सरकलं की पलीकडे सोलापूर जिल्हा. चोराला जिल्हा बदलायला एक पूल पुरतो. त्यामुळे आपल्याकडे गाडी गेली की पहिल्या तासाला फार किंमत असते.

आधी कुलूप, मग ट्रॅकर

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, हे आधीच सांगतो. गाडी हलली की तो कळवतो, आणि कुठे गेली ते दाखवतो. चोराला अडवण्याचं काम कुलपाचंच. म्हणून पैसे थोडे असतील तर पहिल्यांदा चाकाचं कुलूप घ्या. हँडल लॉक रोज लावा. बाजारात, जत्रेत, मंगल कार्यालयाबाहेर, दवाखान्यात गाडी लावताना उजेडाची आणि माणसांच्या नजरेतली जागा बघा. शेताच्या बांधावर गाडी लावून उसात खुरपायला जाताना चावी गाडीलाच ठेवायची सवय आपल्यातल्या बऱ्याच जणींना आहे. ती मोडा. आणि गाडीची दुसरी चावी गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात कपाटात ठेवा. ही दुसरी चावी पुढे विम्याच्या वेळी फार उपयोगी पडते, ते नंतर सांगतो.

ट्रॅकर चालतो कसा?

पृथ्वीभोवती अमेरिकेचे जीपीएसचे उपग्रह फिरतात. किमान चोवीस उपग्रह कायम कामावर राहतील अशी त्यांची आखणी आहे. जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते सतत 'मी अमुक ठिकाणी आहे, आत्ता इतके वाजलेत' असा निरोप सोडत असतात. तो निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी खाली पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. गाडीतला डबा बघतो की कोणत्या उपग्रहाचा निरोप किती उशिरा आला. उशीर जास्त तर उपग्रह लांब, कमी तर जवळ. असे चार उपग्रह सापडले की डब्याला स्वतःची जागा काही मीटरच्या फरकाने कळते.

ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराने उभी केली. १९९५ साली ती पूर्णपणे सुरू झाली. आधी सामान्य माणसाला मुद्दाम थोडी चुकीची जागा दिसायची. मे २००० मध्ये ती अडचण काढून टाकली आणि मग गाड्यांमध्ये, फोनमध्ये जीपीएस खऱ्या अर्थाने आलं. आपल्या देशाचीही 'नाविक' नावाची व्यवस्था आहे. इस्रोने तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला आणि एप्रिल २०१६ मध्ये सातवा.

आता महत्त्वाची गोष्ट. तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय. आमचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय, पण तुम्ही ओट्यावर बसलाय की गोठ्यात, हे तुमचा रेडिओ आम्हाला सांगू शकत नाही. जीपीएसचंही तसंच आहे. डबा उपग्रहाचं ऐकतो, पण उपग्रहाला किंवा तुम्हाला काही सांगू शकत नाही. तुम्हाला सांगण्यासाठी त्यात मोबाइलसारखं सिमकार्ड लागतं. ते सिम डब्याची जागा तुमच्या फोनवर पाठवतं. म्हणजे सिमचं रिचार्ज संपलं किंवा रेंज गेली, तर डबा गाडीत असूनही मुका. चांगले डबे रेंज नसताना जागा साठवून ठेवतात आणि रेंज आली की पाठवतात. हे विकत घेताना विचारून घ्या.

काही जणी विचारतात, चावीला लावायचं छोटं ब्लूटूथचं बटण मिळतं, ते चालेल का? ते बटण स्वतः लांबवर काही कळवत नाही. आसपास कुणाचा तरी योग्य फोन असेल तर त्या फोनमार्फत ते आपली जागा कळवतं. शहराच्या गर्दीत ठीक. पण रात्री उसाच्या फडात लपवलेल्या गाडीजवळ कुणाचा फोन असणार?

विकत घेताना काय विचारायचं?

साधे डबे दीड-दोन हजारांपासून मिळतात, चांगले त्याहून महाग. पण किमतीवर जाऊ नका. दुकानदाराला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलाच्या मागे लिहून घ्या.

पहिला प्रश्न, पुढच्या वर्षीपासून सिमचे आणि ॲपचे मिळून किती पैसे भरायचे? बरेचदा पहिलं वर्ष फुकट असतं आणि खरा खर्च पुढे सुरू होतो.

दुसरा, गाडीच्या बॅटरीची वायर तोडली तर डब्याची आतली बॅटरी किती तास चालते? चोर पहिल्यांदा वायरच तोडतो. वायर तुटताच फोनवर इशारा येतो का?

तिसरा, गाडी ठरलेल्या जागेतून हलली तर इशारा येतो का? या सोयीत फोनच्या नकाशावर घराभोवती एक रिंगण आखायचं असतं. रिंगणाबाहेर गाडी गेली की फोन वाजतो.

चौथा, कंपनी बंद पडली किंवा फोन बदलला तर काय?

डबा बसवताना माहीतगार माणसाकडून, फ्यूज लावूनच बसवा. सीटखाली किंवा आतल्या प्लॅस्टिकमागे, चटकन हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. चारी बाजूंनी पत्रा असेल तर उपग्रहाचा निरोप पोचत नाही. गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर डब्यामुळे बॅटरी उतरू शकते, अधूनमधून गाडी चालू करा.

काही डब्यांमध्ये फोनवरून इंजिन बंद करायची सोय असते. ऐकायला छान वाटते, पण पळत्या गाडीचं इंजिन बंद केलं तर चोर आणि रस्त्यावरचा दुसरा माणूस दोघंही मरू शकतात. ती सोय वापरायचीच तर गाडी उभी आहे याची खात्री झाल्यावर, आणि पोलिसांना सांगून.

गाडी गेली तर?

पहिलं काम, ११२ ला फोन. गाडीचा नंबर, रंग, शेवटी कुठे होती, आणि ट्रॅकर असेल तर आत्ता कुठे दिसतेय ते सांगा. फोनवर दिसणाऱ्या जागेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे तिथे एका फोनवर गावभर आणि आजूबाजूच्या गावांत निरोप जातो. तिचा वापर करा.

दुसरं काम, फिर्याद. आपलं वडगाव निंबाळकरचं पोलीस ठाणं जवळच आहे. पण समजा तुम्ही माहेरी फलटणला गेल्या आणि तिथे गाडी गेली, तरी अडू नका. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत तुम्हाला फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. फिर्याद घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो.

आणि आता जे सांगतो ते नीट ऐका. फोनवर गाडीचा ठिपका दिसतोय म्हणून घरातल्या पोरांना काठ्या घेऊन मागे धाडू नका.

एक तर समोर कोण आहे, किती जण आहेत, हे ठिपका सांगत नाही. दुसरं, ठिपका काही मीटर चुकतो. गाडी रस्त्याकडेच्या एका पालापाशी दिसली म्हणजे त्या पालातल्या माणसानेच ती चोरली असं होत नाही. चोर गाडी टाकून पळालेला असू शकतो. हंगामात आपल्याकडे बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला कुटुंबं येतात, पालं टाकून राहतात. गावात काही हरवलं की बोट पहिल्यांदा त्यांच्याकडे जातं. भटक्या समाजांकडे जातं. डबा ठिकाण सांगतो, चोर सांगत नाही.

हे आम्ही उगाच सांगत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. का, तर मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. २०२४ साली आपल्याच पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन दिसू लागले, तेव्हाही गावोगाव घबराट होती, लोक रात्र रात्र जागत होते. भीतीच्या वेळी गावाचं डोकं ताळ्यावर ठेवायचं काम आपण बायांनी करायला हवं. गाडी परत मिळू शकते. माणूस मारला तर तो परत येत नाही, आणि आपला मुलगा तुरुंगातून लवकर येत नाही.

कागद कुणाच्या नावावर?

आता विमा. गाडी रस्त्यावर आणायला जो सक्तीचा विमा लागतो, त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं. चोरीचे पैसे त्यात मिळत नाहीत. चोरीसाठी स्वतःच्या गाडीचा विमा वेगळा किंवा एकत्र घ्यावा लागतो. आज घरी गेल्यावर विम्याचा कागद काढा आणि वाचता येणाऱ्या मुलीकडून बघून घ्या की आपला कोणता आहे.

चोरी झाल्यावर विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. सोबत फिर्यादीची प्रत, गाडीचं आरसी बुक आणि दोन्ही चाव्या लागतात. एक चावी नसेल तर 'तुम्हीच चावी गाडीला ठेवली होती' असं म्हणायला जागा होते. गाडी सापडलीच नाही, तर तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवालही कंपनी मागते. त्याचा पाठपुरावा करावा लागतो.

कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारला तरी हातपाय गाळू नका. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीला गेला. फिर्याद त्याच दिवशी दिली, पण कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले. कंपनीने पैसे नाकारले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की पोलिसांत लगेच फिर्याद दिली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही. म्हणून फिर्याद आधी, तीही त्याच दिवशी.

गाडी सापडली तर ती पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायचं कारण नाही. गाड्या ठाण्यात दीर्घकाळ पडून राहू नयेत, असं सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच सांगितलेलं आहे. कोर्टात अर्ज करून, हमी लिहून देऊन मालकाला गाडी ताब्यात घेता येते.

इथेच एक अवघड प्रश्न येतो. मालक कोण? गटाचं कर्ज बाईने काढलं, हप्ता बाई भरते, आणि आरसी बुकावर नाव मालकांचं किंवा दिराचं. मग विम्याचे पैसे आले तर त्यांच्या खात्यावर येणार. कोर्टातून गाडी सोडवायची तर सही त्यांची लागणार. म्हणून ज्या गाडीचं कर्ज तुमच्या नावावर आहे, ती एमएच-४२ ची पाटी लागतानाच तुमच्या नावावर करून घ्या. भांडायचं काही कारण नाही. कर्ज जिच्या नावावर, गाडी तिच्या नावावर, इतका सरळ हिशेब आहे.

आणि जुनी गाडी स्वस्तात मिळतेय, 'कागद नंतर देतो' असं कुणी म्हणालं, तर हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळवून बघा. सरकारच्या परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची माहिती दिसते.

नजर कुणावर?

आता शेवटची गोष्ट. हीच आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गटात ट्रॅकरची चर्चा सुरू झाली तेव्हा एका तरुण सुनेने विचारलं, "ॲप कुणाच्या फोनमध्ये टाकणार?" सगळ्या एकदम गप्प झाल्या. कारण तिच्या प्रश्नाचा अर्थ प्रत्येकीला कळला होता.

डबा गाडीला लावलाय, पण गाडी चालवते बाई. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, माहेरच्या रस्त्याला वळली का, मैत्रिणीच्या दारात अर्धा तास का होती, हे सगळं त्या ॲपमध्ये महिना महिना साठून राहतं. चोर वर्षातून एकदा आला तर येईल. पण संशयी माणूस रोज संध्याकाळी फोन उघडून बसू शकतो. चोराच्या नावाने घेतलेला डबा बाईच्या पायातली बेडी होऊ शकतो. कॉलेजला जाणाऱ्या लेकीच्या बाबतीतही तेच. काळजी आणि पाळत यात फरक आहे. काळजी विचारून होते, पाळत लपून होते.

काही जणी म्हणतील, आपलं काही लपवायचं नाही, मग भीती कशाला? मैत्रिणींनो, लपवायचं नसलं तरी आपलं म्हणून काही असतं की नाही? ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जुलै २०२४ मध्ये तर जामिनावर सुटलेल्या एका आरोपीबद्दल कोर्ट म्हणालं की, त्याने आपली जागा सतत पोलिसांना फोनवर दाखवत राहावी अशी अट घालता येणार नाही. ज्याच्यावर खटला चालू आहे त्याचाही हा हक्क राहतो. मग दूध घालायला निघालेल्या बाईचा राहणार नाही का?

म्हणून आम्ही गटात ट्रॅकरसाठी चार गोष्टी ठरवल्या आहेत. पटल्या तर तुम्हीही ठरवा.

एक, ॲप आणि त्याचा पासवर्ड गाडी चालवणारीच्या फोनमध्ये. तिच्याकडे साधा फोन असेल तर तिने सांगितलेल्या, तिच्या विश्वासातल्या माणसाकडे.

दोन, डबा बसवायचा तो गाडी चालवणाऱ्याला सांगूनच. मग ती घरची सून असो, लेक असो की ट्रॅक्टरवरचा पगारी ड्रायव्हर.

तीन, घराभोवतीचं रिंगण रात्री चालू ठेवायचं, गाडी दारात उभी असताना. दिवसभराचा प्रवास बघत बसायचं कारण नाही. जुनी नोंद पुसता येत असेल तर पुसून टाकायची.

चार, उशिरा एकटीने यायचं असेल तर तिने स्वतःहून कुणाला तरी जागा दाखवावी. ही सोय तिच्या हातात असली तर ती तिचं रक्षण करते.

बस, टॅक्सी अशा नव्या प्रवासी गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून सरकारने ट्रॅकर आणि धोक्याचं बटण सक्तीचं केलं, ते मुख्यतः आपल्या सुरक्षेसाठी. बटण दाबायचं की नाही ते आत बसलेली बाई ठरवते. आपल्या स्कूटीच्या बाबतीतही तसंच असायला हवं.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने गाडीचं आरसी बुक, विम्याचा कागद आणि दोन्ही चाव्या सोबत आणाव्यात. कागद कुणाच्या नावावर आहे, विमा कोणता आहे, गाडीचा आणि चासीचा नंबर काय, हे एका वहीत लिहून काढू. ट्रॅकर घ्यायचा की नाही ते त्यानंतर, आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवू. चाकाचं कुलूप मात्र येत्या बाजारी सगळ्या मिळूनच घेऊ, चार पैसे कमी पडतील.